नकाशावरची सही आणि मे महिन्यातली दुपार

महाराष्ट्रात एखादी इमारत उभी राहताना आर्किटेक्टच्या सह्या किती ठिकाणी लागतात, हे घर घेणाऱ्याला सहसा माहीत नसतं. महापालिकेत नकाशे दाखल करताना सही लागते. जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणीच्या अर्जावर सही. काम संपलं, भोगवटा प्रमाणपत्र मागायचं, पुन्हा सही. २०१६ चा रेरा कायदा आल्यापासून आणखी एक वाढली आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि त्यातून पैसे काढायचे तर काम किती टक्के झालं, हे आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि चार्टर्ड अकाउंटंट अशा तिघांनी लिहून द्यावं लागतं. कोट्यवधी रुपये ज्या कागदांच्या जोरावर हलतात, त्यातला एक कागद आमचा असतो.

तरीही आमच्या व्यवसायातली चार माणसं जमली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपलं ऐकतं कोण?" बिल्डर ठरवतो, विक्री विभाग ठरवतो, ठेकेदार ठरवतो. मी व्यवसाय करते, शिकवतेही, आणि हे वाक्य आता तिसऱ्या वर्षाची मुलंसुद्धा म्हणायला लागली आहेत, याची मला खरी काळजी वाटते. अधिकार नाही असं एकदा मानलं की जबाबदारीही आपोआप खांद्यावरून उतरते. अधिकार आहे. तो अपुरा आहे, ठिकठिकाणी कुरतडला गेला आहे, पण आहे.

त्या सगळ्या सह्यांमध्ये एक प्रश्न मात्र कुठेच येत नाही. मे महिन्यात दुपारी चार वाजता या घरात माणसाला बसवेल का? मार्जिन, उंची, पार्किंग, जिन्याची रुंदी, एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल तो आकडा), सगळ्याला रकाने आहेत. नेहमीच्या रहिवासी इमारतीच्या नकाशात उष्णतेला रकाना नाही. आणि जिथे रकाना नसतो तिथेच व्यावसायिकाची खरी परीक्षा असते, असं मला वाटतं.

कायद्याने आम्हाला काय दिलं आहे, तेही सरळ पाहून घ्यावं. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने 'आर्किटेक्ट' ही उपाधी नोंदणी केलेल्यांसाठी राखून ठेवली. इमारतींचं डिझाइन करण्याचं काम मात्र राखून ठेवलेलं नाही. नोएडातल्या एका पदाच्या नावावरून वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०२० मध्ये न्यायालयाने हेच स्पष्ट केलं: नोंदणी नसलेल्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही, पण डिझाइनचं, देखरेखीचं काम करायला या कायद्याची आडकाठी नाही. तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना तो निकाल बोचला होता. मला त्यात एक न्याय दिसला. आमचा अधिकार कुंपणातून येणार नसेल तर तो ज्ञानातून आणि उत्तरदायित्वातून यावा लागेल.

दुसरी गोष्ट कमी जणांच्या लक्षात असते. व्यावसायिक वर्तनाचे आमचे नियम १९८९ चे आहेत. त्यात सुरुवातीलाच सांगितलं आहे की पर्यावरणाच्या गुणवत्तेला आणि समाजाच्या भावी हिताला हातभार लावण्याची आर्किटेक्टची सर्वसाधारण जबाबदारी आहे आणि त्याचं व्यावसायिक काम या जबाबदारीच्या आड येता कामा नये. 'ग्रीन बिल्डिंग' हा शब्द इथल्या जाहिरातींत येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. म्हणजे शाश्वत बांधकाम हे आमच्या कामावर नंतर आलेलं ओझं नाही, नोंदणीबरोबरच ते आम्ही पत्करलेलं आहे.

आता प्रश्न असा, की हा अधिकार वापरायचा कधी? माझं मत ठाम आहे. पहिल्या आठवड्यात. प्लॉटचा सर्व्हे हातात आला, बिल्डरने 'अमुक इतके फ्लॅट बसवा' म्हणून सांगितलं, आणि इमारत कुठे तोंड करून उभी राहणार हे अजून कोणी ठरवलेलं नाही, अशा त्या दिवसांत पेन्सिल फक्त आपल्या हातात असते. नंतर सल्लागार येतात, दर येतात, लिफ्टचा गाळा ठरतो, खांब पक्के होतात, आणि मग पश्चिमेची बेडरूम उचलून उत्तरेला नेणं कोणाच्याच हातात राहत नाही.

पुण्याचं उदाहरण घ्या. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. त्या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत तो दुपारी किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात खरं तर फारसा त्रास नाही, आणि थंडीतलं कलतं ऊन तिथे हवंहवंसं वाटतं. साधा छज्जाही दक्षिणेला पुरतो. पश्चिमेचं गणित निराळं. दोन फुटांचा छज्जा मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमाराला चार फुटी खिडकीचा जेमतेम एक फूट झाकतो. उरलेलं तीन फूट ऊन थेट पलंगावर. तिथे खिडकीबाहेर उभे फिन, म्हणजे ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या हव्यात, जाळी हवी, झाड हवं, नाहीतर तिथे खिडकी मोठी ठेवूच नये. आणि सर्वांत जास्त तापतो तो वरचा स्लॅब. त्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर असला तर शेवटच्या मजल्यावरच्या माणसाचं आयुष्य बदलतं.

हे सगळं पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकवलं जातं. तरी शहराच्या कुठल्याही नव्या भागात जाऊन पाहा, चारही बाजूंना एकाच मापाच्या खिडक्या, एकाच खोलीचे छज्जे. टॉवरचा एक नकाशा चार वेळा फिरवून ठेवलेला. सूर्य मात्र चार बाजूंना सारखा फिरत नाही.

एक निर्णय खरोखरच आमच्या हातातून निसटला आहे, आणि त्याबद्दल बोललं पाहिजे. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती, ज्यांना साइटवर सगळे 'मायव्हान' म्हणतात. विटांची भिंत रचायला गवंडी लागतात, वेळ लागतो. इथे भिंत आणि स्लॅब एकदमच ओतले जातात आणि मजले भराभर चढतात. काम वेगात होतं, कोपरे सरळ येतात, गळती कमी होते, हे मला मान्य आहे. पण काँक्रीट विटेपेक्षा जास्त उष्णता आत सोडतं, आणि हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकच्या तुलनेत तर कितीतरी पट. बाहेरची भिंत सहा-सात इंची काँक्रीटची असेल तर संध्याकाळनंतरही ती आत उष्णता सोडत राहते. हा निर्णय बहुधा ठेकेदार आणि बिल्डर यांच्या बैठकीत, बांधकामाच्या वेगाकडे पाहून होतो. तो बदलता आला नाही तरी त्याचे परिणाम आकड्यांत मांडणं हे आमचंच काम. २०१८ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने रहिवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. तिच्यात भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेसाठी एक आकडा सांगितला आहे: चौरस मीटरमागे १५ वॅटपेक्षा जास्त नको. हे गणित कार्यालयातला साधा ज्युनिअरसुद्धा करू शकतो, त्याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. ते करून बिल्डरच्या टेबलावर ठेवलं की चर्चेचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे. 'मॅडमना काँक्रीट आवडत नाही' यापेक्षा 'हा टॉवर मर्यादेच्या वर जातोय' या वाक्याला बिल्डर थांबून ऐकतो.

अधिकार म्हणजे काय हे मुलांना दाखवायचं असेल तेव्हा मी मुंबईतली कांचनजंगा इमारत दाखवते. चार्ल्स कोरियांचं डिझाइन, शिरीष पटेलांची संरचना, १९८३ साली पूर्ण झालेले २८ मजले. मुंबईत वारा पश्चिमेच्या समुद्रावरून येतो, दृश्यही तिकडेच. पण तापलेलं ऊन आणि पावसाचा मारा त्याच बाजूने. जुन्या बंगल्यांनी यावर उत्तर काढलं होतं, मुख्य खोल्यांभोवती व्हरांडा फिरवायचा. कोरियांनी तो व्हरांडा उचलून आकाशात नेला: कोपऱ्याकोपऱ्यात दोन मजली उंचीच्या, झाडं लावता येतील अशा खोल गच्च्या. वारा आत, ऊन-पाऊस बाहेरच्या थरात. ही श्रीमंतांची घरं आहेत, इतक्या उंच इमारतीत फक्त ३२ फ्लॅट, आणि असा व्हरांडा परवडणाऱ्या घरांत देता येत नाही, हे मुलं लगेच सांगतात. बरोबरच आहे. पण माझा मुद्दा खर्चाचा नाही. तो व्हरांडा कुठल्याही सल्लागाराच्या अहवालातून आलेला नव्हता. कुठल्याही ग्रीन रेटिंगच्या यादीत त्याला गुण मिळाले म्हणून आला नव्हता. रेटिंग तेव्हा इथे नव्हतंच. तो पहिल्या रेषेतच होता, म्हणून शेवटपर्यंत कोणाला काढून टाकता आला नाही.

खर्चाचं उत्तर त्याच माणसाने खाडीपलीकडे, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये दिलं. सिडकोसाठी ऐंशीच्या दशकात बांधलेली बैठी, कमी उंचीची घरं. सात घरांमध्ये मिळून आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण, असे तीन गट मिळून त्याहून मोठं अंगण. शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही, म्हणजे प्रत्येकाला आपल्या जागेत घर वाढवता यावं. आज तिथे गेलात तर मूळ घरं फार थोडी उरली आहेत. बऱ्याच जणांनी पाडून वर मजले चढवले. काही समीक्षकांना हे अपयश वाटतं. मला तसं वाटत नाही. अंगणं टिकली आहेत. मुलं तिथे खेळतात, झाडांची सावली तिथे पडते, सणाला मांडव तिथे लागतो. कोणती गोष्ट आपण ठरवायची आणि कोणती राहणाऱ्यावर सोडायची, हे ज्याला कळलं त्याचा अधिकार चाळीस वर्षांनंतरही जाणवतो.

पण शाश्वत बांधकामाच्या गप्पांमध्ये जुनं ते सगळं चांगलं असा जो एक सूर असतो, त्याच्याशी माझं भांडण आहे, आणि त्याचं कारण किल्लारीचा भूकंप आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे दहा हजार माणसं गेली. ती ज्या घरांखाली गेली त्या घरांत मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही गारवा असायचा. जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, वर लाकडी तुळयांवर मातीचा भरभक्कम थर. गारवा देणारं तेच वजन अंगावर आलं. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असायचे आणि त्यांना सांधणारे आरपार दगड पुरेसे नसायचे, त्यामुळे हादऱ्यात थर फुगून सुटले. नंतर दुरुस्तीच्या कामात हेच शिकवलं गेलं: आरपार दगड घाला, वरून पट्टा बांधा, छतावरची माती कमी करा. एवढ्या साध्या ज्ञानाचा अभाव इतका महाग पडला.

आणि मग उलटी चूक झाली. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, बरीचशी पट्टीने आखलेल्या सरळ रस्त्यांची, एकसारख्या घरांची. भूकंपाला ती घरं टिकतील. पण जनावरं कुठे बांधायची, कडबा कुठे ठेवायचा, भावकीने जवळजवळ राहायचं कसं, आणि पातळ भिंतींतला उन्हाळा कसा काढायचा, हे प्रश्न लोकांनी पुढची कित्येक वर्षं पत्र्याच्या शेड टाकून, अंगण वाढवून आपले आपण सोडवले. त्या भागात फिरताना मला एक गोष्ट पक्की कळली. घर उभं राहणं आणि घरात राहता येणं या दोन्हींचं उत्तर एकाच माणसाने एकत्र द्यायला हवं. इंजिनिअर पहिल्याचं देईल. दोन्हीचं कोण देणार?

दोन्हींचं उत्तर कोणीच दिलं नाही तर काय होतं, हे लंडनमध्ये जगाने पाहिलं. ग्रेनफेल टॉवर, २४ मजली, सत्तरच्या दशकातली सार्वजनिक घरांची इमारत. २०१६ मध्ये तिचं नूतनीकरण पूर्ण झालं. घरं थंडीत उबदार राहावीत, इंधन कमी जळावं, इमारत बाहेरून चांगली दिसावी, असे सगळे चांगले हेतू. भिंतींना बाहेरून इन्सुलेशन आणि त्यावर आवरण. आधी जस्ताचं आवरण ठरलं होतं, खर्च कमी करताना ते बदलून अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा असलेलं आलं. १४ जून २०१७ च्या रात्री एका स्वयंपाकघरात लागलेली आग त्या आवरणावरून चढत गेली. ७२ माणसं गेली.

चौकशी वर्षानुवर्षं चालली. सप्टेंबर २०२४ मधल्या अंतिम अहवालात सामग्री बनवणाऱ्या कंपन्यांच्या अप्रामाणिकपणावर, सरकारच्या दुर्लक्षावर, ठेकेदारावर कडक ताशेरे आहेत. पण आर्किटेक्ट असलेल्या स्टुडिओ ई या फर्मवरही दुर्घटनेच्या जबाबदारीचा फार मोठा वाटा ठेवला आहे. त्यांना उंच रहिवासी इमारतीवर असं आवरण चढवण्याचा अनुभव नव्हता. काम मध्येच ठेकेदाराच्या हाताखाली गेलं. आवरणाचे तपशील उपठेकेदार पाहील, आगीचं अग्निसल्लागार पाहील, बाकी पालिकेचा विभाग पाहील, असं प्रत्येकाने मानलं. पाहिलं कोणीच नाही.

मी हा अहवाल मुलांबरोबर वाचते, कारण त्यातली साखळी आपल्याकडच्या साइटवर जशीच्या तशी आहे. फसाडचा, म्हणजे बाहेरच्या आवरणाचा सल्लागार वेगळा, ग्रीनचा वेगळा, स्ट्रक्चरचा वेगळा, प्लंबिंग-इलेक्ट्रिकलचा वेगळा, मंजुरीची धावपळ करणारा आणखी वेगळा. प्रत्येकाची फाइल नीट असते. सगळ्या फाइली एका टेबलावर उघडून 'हे एकत्र आलं की आत राहणाऱ्या माणसाचं काय होईल' असं विचारणारी एकच जागा या साखळीत आहे, आणि ती आर्किटेक्टची. ती जागा रिकामी ठेवून आपण फक्त एलिव्हेशनवर बोलत राहिलो तर उद्या कुठल्याही चौकशीत आपल्याला 'ते माझ्या कामात नव्हतं' म्हणता येणार नाही, आणि म्हणूही नये.

रेटिंगबद्दल थोडंच. ग्रिहा किंवा आयजीबीसी या ग्रीन इमारतींना दर्जा देणाऱ्या पद्धती वाईट नाहीत. त्यांनी पाणी, कचरा, ऊर्जा यांवर बोलायला एक चौकट दिली. आपल्याकडच्या एकत्रित विकास नियमावलीत ग्रीन रेटिंगच्या दर्जाप्रमाणे मूळ एफएसआयवर ३ ते ७ टक्के जादा मिळतो, त्यामुळे बिल्डरही तयार होतात. पण जास्त बांधकाम हे पर्यावरणाच्या कामाचं बक्षीस असावं, हे मला पटलेलं नाही. आणि त्याहून गंभीर गोष्ट ही, की रेटिंग आलं की आर्किटेक्ट निर्धास्त होतो. त्याचं पाहायला माणूस नेमलाय, असं वाटतं.

एप्रिलच्या शेवटी मी विद्यार्थ्यांना राहत्या इमारतींत घेऊन जाते. नुकत्याच पूर्ण झालेल्या नाही, पाच-सात वर्षं लोक राहत असलेल्या. हातात थर्मामीटर आणि मूळ नकाशा. पहिली शिकवण नेहमी तीच: नकाशातलं वायुवीजन आणि घरातलं वायुवीजन यांचा एकमेकांशी संबंध उरलेला नसतो. डक्टकडची, म्हणजे इमारतीतल्या हवेच्या उभ्या पोकळीकडची खिडकी कबुतरांमुळे जाळी लावून, मग जाळीवर प्लास्टिक लावून बंद. समोरासमोरच्या खिडक्यांपैकी एक एसीच्या बाहेरच्या युनिटने अडलेली. ड्राय बाल्कनीत कपाट. एका सातव्या मजल्यावरच्या काकूंना मुलांनी विचारलं, बेडरूमच्या खिडक्या का उघडत नाही? त्या म्हणाल्या, "अरे बाळा, उघडली की समोरच्या बिल्डिंगचा उकाडा आत येतो. आणि डास. रात्री मी हॉलमध्येच झोपते, बेडरूममध्ये फक्त कपडे ठेवते." बारा बाय दहाची ती खोली कर्जाच्या हप्त्यांवर घेतलेली, आणि उन्हाळाभर कपड्यांसाठी. तिच्या नकाशावर कोणाची तरी सही आहे. ती सही करणारा परत आला असता तर पुढच्या इमारतीत कबुतरांना बसता येणार नाही असा डक्ट, मच्छरजाळी लावूनही वारा देईल अशी खिडकी, आणि एसीच्या युनिटला खिडकीपासून लांब जागा त्याने काढलीच असती. यातली एकही गोष्ट महाग नाही.

म्हणून मी माझ्या फीच्या पत्रात एक कलम घालते. ताबा दिल्यानंतर दोन भेटी, एक मे महिन्यात, एक ऑगस्टमध्ये, आणि त्यांचा लेखी अहवाल. त्याची वेगळी फी. काही ग्राहक खोडून टाकतात. "मॅडम, ताबा दिल्यावर लोकांना कशाला विचारायचं, तक्रारीच येतील," असं एकाने स्पष्ट सांगितलं. त्याची भीती खरी आहे, तक्रारी येतात. रेराने संरचनेतल्या दोषांसाठी बिल्डरवर पाच वर्षांची जबाबदारी टाकली आहे, पण उकाड्याच्या तक्रारीचं काय करायचं हे कोणी ठरवलेलं नाही. दुरुस्ती कोण करणार, पैसे कोण देणार, याची उत्तरं माझ्याकडे तयार नाहीत. पण तक्रार ऐकायची ठिकाणंच बंद केली तर उत्तरं शोधायला कोणी बसणार नाही.

सध्या एका सोसायटीच्या पुनर्विकासाचं काम पाहते आहे, सोसायटीने नेमलेली आर्किटेक्ट म्हणून. सभेत नेहमीचे प्रश्न आले: किती टक्के जादा कार्पेट, भाडं किती, कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे किती. ते विचारायलाच हवेत. सगळ्यांचं झाल्यावर मी बिल्डरच्या आर्किटेक्टने दिलेला मजल्याचा नकाशा लावला आणि पश्चिमेकडचे फ्लॅट लाल पेनाने दाखवले. मे महिन्यात दुपारी तीनपासून या बेडरूम तापतील, एसीशिवाय झोप लागणार नाही, असं सांगितलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागून एका आजोबांनी विचारलं, "मग तिकडे कोणाला टाकणार?" तिथून पुढे खरी सभा सुरू झाली. कोणीतरी चिठ्ठ्या टाका म्हणालं, कोणी वरिष्ठ नागरिकांना वगळा म्हणालं. एका तरुणीने विचारलं, जिना आणि लिफ्टच पश्चिमेला का नाही नेत?

तेच मला सुचवायचं होतं, पण तिने विचारलं हे फार बरं झालं. जिना, लिफ्ट, टॉयलेट, स्टोअर पश्चिमेला सरकवले तर खोल्यांना एक उष्णतारोधक पट्टा मिळतो. बिल्डरची हरकत अशी की टेकडीचा व्ह्यू पश्चिमेलाच आहे आणि विकायचे फ्लॅट तिकडेच हवेत. त्याचा हिशोबही मी समजून घेते आहे, कारण तो बुडाला तर सोसायटीचं कामही बुडेल. मधला एक नकाशा तयार केला आहे: जिना-लिफ्ट नैऋत्येला, हॉल पश्चिमेला पण सहा फूट खोल गच्चीच्या मागे, बेडरूम उत्तरेला आणि पूर्वेला. एका मजल्यामागे साधारण एका खोलीइतकं विक्रीचं क्षेत्र कमी पडतं आहे. ते कुठून भरून काढायचं यावर शनिवारी बैठक आहे. उष्णतेचं गणित दोन्ही नकाशांसाठी करून ठेवलं आहे, आणि या वेळी सभासदांनीच त्याच्या प्रती मागितल्या आहेत.